नल म्हणजे नाही नव्हे

गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर बसून
मी एका अवजाराची माहितीपुस्तिका लिहिते.
अवजार साधं आहे. दुकानाचा नंबर द्या,
ते दुकानाचे गुण सांगतं:
कार्ड चालतं का, गाडी लावायला जागा, संडास,
कुत्रं आत आणलेलं चालतं का.
विचारणारी माणसं नसतात. एजंट असतात,
कुणाच्या तरी वतीने, रात्री दोनलासुद्धा.

उत्तरं तीनच. ट्रू, फॉल्स आणि नल.
नलपाशी मी चार दिवस अडले.
पहिला खर्डा: ‘नल म्हणजे माहिती उपलब्ध नाही.’
तहसीलच्या खिडकीतून आल्यासारखं वाटलं.
दुसरा: ‘नल म्हणजे कुणी विचारलंच नाही.’
तिसरा वाचण्याआधी खोडला.

सकाळच्या मीटिंगमध्ये पुण्याहून हेरंब म्हणाला,
अगं, नल म्हणजे नाहीच धर ना,
एजंटला उगाच गोंधळ नको.
मी म्यूटवर होते.
म्यूटवरच म्हणाले, नाही.

नमुन्याला एक दुकान लागतं.
सगळे ‘अबक स्टोअर्स’ लिहितात.
मी भांडीबाजारातलं घातलं,
आमची पातेली जिथे कल्हईला जायची ते.
चाळीस मिलिसेकंदांत उत्तर:
वेळ, दहा ते आठ.
प्रवेशाला उतार, नल.
मालकी स्त्रीची, नल.
सेवा, रिकामा चौकोनी कंस.

शनिवारी गेले. दुपारचे दोन, शटर अर्धं.
दहा ते आठमध्ये
त्र्यंबकशेठ तांबटांची झोप कुणी धरली नव्हती.
वाकून विचारलं, उतार आहे का?
ते दचकून उठले. ‘कुणाला ताप आलाय?’

मी पायऱ्या दाखवल्या. तीन, काळ्या दगडाच्या,
मधली झिजून बशीसारखी.
मग त्यांनी दारामागून फळी ओढली,
हंडे चढवायची, कडेला पितळी पट्टी.
‘ओझरचे शिरसाठ मास्तर चाकाच्या खुर्चीतून येतात.
त्यांना टाकतो. गेले की परत आत.’
म्हणजे आहे?
‘लागेल तेव्हा आहे.’

काकू हिशोबाच्या वहीतून वर न बघता म्हणाल्या,
शॉप ॲक्टचं लायसन माझ्या नावावर आहे, हे लिही.
ह्यांना सांगू नकोस.
हे समोरच बसले होते, चष्मा पुसत.

आणि पावसाळ्यात?
‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की माल माळ्यावर.
छातीला लागलं की कुलूप.’
वेळेच्या रकान्यात फक्त आकडे बसतात आणि मधे दोन टिंबं.
मारुती बसत नाही.
कल्हईही नाही. यादीत हजारो धंदे आहेत,
त्यात जवळचा: ‘धातूकाम, इतर’.
रिक्षात बसले तरी
ओढणीला नवसागराचा वास होता.

रविवारी रात्री लिहिलं:
‘नल म्हणजे नाही नव्हे.
नल आल्यास एजंटने नकार कळवू नये.
त्या दारापाशी अजून कुणी गेलेलं नाही, एवढंच सांगावं.’
हेरंबने शेवटची ओळ उडवली.
बाकीच्या राहिल्या.

दुरुस्तीचा फॉर्म सगळ्यांना खुला आहे,
मीही भरू शकते.
काकूंचा रकाना भरला, लगेच.
उताराच्या रकान्यात ट्रूवर बोट नेलं
आणि फळी आठवली,
दारामागे उभी, पट्टी भिंतीकडे.
बोट मागे घेतलं.

काल नोंदी चाळत होते.
रात्री दोन सतराला कुणीतरी
त्याच दुकानाचा उतार विचारला होता.
नल मिळाला.
तीन सेकंद काहीच नाही.
मग त्याने फोन नंबर मागितला.

दुकानात तो वाजला का,
हे आमच्या नोंदीत येत नाही.